पत्रावरचे नाव आणि पत्राचा कर्ता

टपालाने येणाऱ्या पाकिटाच्या मागील बाजूस पाठवणाऱ्याचे नाव व पत्ता लिहिण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. हा मजकूर पाठवणारा स्वतःच लिहितो. टपालखाते त्याची शहानिशा करीत नाही. पुण्यात पेटीत टाकलेल्या पाकिटावर एखाद्याने नागपूरच्या भलत्याच गृहस्थाचे नाव घातले, तरी ते पाकीट बिनबोभाट पोहोचते. परंतु त्याच पाकिटावर टपालकचेरीचा गोल शिक्का उमटलेला असतो, आणि ते कोठून व कोणत्या दिवशी निघाले हे तो शिक्का सांगतो. म्हणून एखादे खोडसाळ पत्र हाती आले, की जाणता मनुष्य मागील नावाआधी शिक्का निरखून पाहतो.

संगणकांच्या जाळ्यातून जाणाऱ्या ईमेललाही अशीच दोन अंगे असतात. एक, पाठवणाऱ्याने लिहिलेले नाव. दुसरे, वाटेतील यंत्रांनी उमटवलेले शिक्के. या दोहोंतील भेद ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळदा असे घडते, की कोणा तिऱ्हाइताने पाठवलेल्या हजारो पत्रांचा दोष एका निरपराध संकेतस्थळाच्या माथी येतो, त्याच्याविरुद्ध तक्रारी होतात, आणि ज्या संस्थेकडे त्या स्थळाचे नाव नोंदलेले असते ती संस्था ते नावच बंद करून टाकते. उलटपक्षी, खऱ्याखुऱ्या ठकाचे नाव तक्रारी होऊनही चालू राहते आणि तेवढ्या अवधीत कित्येकांचे पैसे बुडतात. हा वाद कसा उद्भवतो, त्यामागील यंत्रणा कशी चालते आणि खरेखोटे निवडण्याची साधने कोणती, हे येथे क्रमाने पाहावयाचे आहे.

नावाची नोंद

इंटरनेटला जोडलेल्या संगणकाचा पत्ता अंकांत असतो. यंत्रांना अंक सोयीचे, परंतु माणसाच्या स्मरणात नाव टिकते. आरंभी संगणक थोडे होते, तेव्हा सर्व नावे व त्यांचे अंक यांची एकच यादी कॅलिफोर्नियातील एका संस्थेत ठेवली जाई आणि इतर सर्वजण तिची प्रत उतरवून घेत. संगणकांची संख्या वाढू लागली तशी ही यादी सांभाळणे दुर्घट झाले. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने नावांची जबाबदारी अनेक ठिकाणी वाटून देणारी पद्धत सुचविली. हीच आजची डोमेन नाव पद्धती होय.

हिची रचना उलट्या वृक्षासारखी आहे. सर्वांत वर मूळ. त्याखाली डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट इन अशा मोठ्या शाखा. आणि त्या शाखांखाली व्यक्तींची, दुकानांची, शाळांची व कचेऱ्यांची नावे. मोठ्या शाखेची संपूर्ण नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेस रजिस्ट्री म्हणतात. सर्वसामान्य माणसाचा तिच्याशी थेट संबंध येत नाही. त्याला नाव मिळते ते रजिस्ट्रार नावाच्या मध्यस्थ कंपनीकडून. रजिस्ट्रार वार्षिक शुल्क घेतो, नाव घेणाऱ्याची माहिती टिपून ठेवतो आणि रजिस्ट्रीच्या वहीत नोंद करवितो.

भारतास डॉट इन ही शाखा १९८९ साली मिळाली. २००३ साली नवी दिल्ली येथे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजेच निक्सी, ही संस्था स्थापन झाली आणि पुढे डॉट इनची रजिस्ट्री तिच्याकडे आली. २००५ पासून या शाखेतील नोंदणी सर्वांस खुली झाली. २०१४ साली देवनागरीत लिहिलेली डॉट भारत ही शाखाही सुरू झाली व मराठीत नाव नोंदविण्याची सोय झाली. याप्रमाणे देशाची नोंदवही दिल्लीत आहे. तिच्यात नोंदी करविणारे रजिस्ट्रार मात्र दिल्ली, मुंबई, अमेरिका अशा नाना ठिकाणी विखुरलेले आहेत.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. आपण नाव विकत घेतले असे लोक म्हणतात. परंतु ही नोंद शेतजमिनीच्या सातबाऱ्यासारखी नसून मुदतीच्या भाडेपट्ट्यासारखी असते. पट्ट्याच्या अटी रजिस्ट्रारच्या करारात लिहिलेल्या असतात, आणि बहुतेक करारांत असे कलम असते, की या नावाचा उपयोग अनाहूत टपाल पाठविण्यासाठी झाल्याचे आढळल्यास कंपनी नाव स्थगित करू शकेल. हा करार पडद्यावर एक खूण करून मान्य केला जातो. तो वाचणारे थोडे. वादाचे मूळ पुष्कळदा या न वाचलेल्या कलमात असते.

अनाहूत टपाल

न मागता, एकाच वेळी असंख्य लोकांना धाडलेल्या ईमेलला स्पॅम म्हणतात. या प्रकाराचे पहिले प्रसिद्ध उदाहरण ३ मे १९७८ चे आहे. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचा विक्रेता गॅरी थर्क याने कंपनीच्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण तत्कालीन आर्पानेट जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकदम पाठविले. त्याच्यावर टीकेची झोड उठली. पण पत्र कोणाचे याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती. पाठविणाऱ्याने आपले नाव लपविले नव्हते.

पुढे १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ईमेलच्या देवघेवीचे नियम प्रसिद्ध केले. हे नियम अतिशय साधे होते. एक यंत्र दुसऱ्याला सांगते, की अमक्याकडून तमक्यासाठी पत्र आणले आहे, आणि दुसरे ते स्वीकारते. अमका खरोखरच अमका आहे काय, हे विचारण्याची तरतूद त्यांत नव्हती. त्या वेळी जाळे वापरणारे बहुतेक सर्व विद्यापीठांतले व प्रयोगशाळांतले, परस्परांस ओळखणारे लोक होते. अशा घरात कुलपाची गरज कोणास वाटावी? घर वाढून त्याचे महानगर झाले, तरी दार मात्र मुळात जसे होते तसेच राहिले. आज कोणीही ठक पाठवणाऱ्याच्या जागी हवे ते नाव लिहू शकतो, याचे कारण हे आहे.

१९९७ च्या आरंभी याचा एक कटू अनुभव अमेरिकेत आला. जोज डॉट कॉम या स्थळाच्या चालकाने स्पॅम पाठविणाऱ्या एका सभासदाचे खाते बंद केले. सूड म्हणून जोज डॉट कॉमच्या नावाने असंख्य पत्रे सुटली. संतापलेल्या लोकांच्या उत्तरांचा व हल्ल्यांचा लोंढा त्या स्थळावर आला आणि ते कित्येक दिवस बंद पडले. स्पॅमला विरोध करणाऱ्यासच स्पॅमचा कर्ता ठरविण्यात आले. दुसऱ्याच्या नावाने टपाल धाडून त्याला बदनाम करण्याच्या या प्रकाराला तेव्हापासून जो-जॉब असे नाव पडले.

आरोप एक, कारणे अनेक

समजा, नोएडा येथे पाण्याच्या पंपांचे सुटे भाग विकणारा एक लहान व्यापारी आहे. त्याने आपल्या दुकानाच्या नावाने एक डोमेन नाव घेतले आहे. एके दिवशी त्याच्या नावाविरुद्ध स्पॅमच्या तक्रारी रजिस्ट्रारकडे जातात. बाहेरून पाहणाऱ्याला तक्रार एकच दिसते. तिच्यामागे मात्र निरनिराळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली शक्यता अशी, की व्यापाऱ्याने कोठून तरी पत्त्यांची यादी विकत घेऊन जाहिराती पाठविल्या. येथे दोष उघड त्याचा आहे. दुसरी शक्यता जो-जॉबची: पाठवणाऱ्याच्या जागी त्याचे नाव आहे, परंतु पत्रे त्याच्या यंत्रातून निघालेलीच नाहीत. तिसऱ्या प्रकारात पत्रे त्याच्याच यंत्रातून निघालेली असतात, पण ती त्याने धाडलेली नसतात; त्याच्या स्थळावरील एखाद्या जुन्या, दुरुस्त न केलेल्या आज्ञावलीतून किंवा चोरलेल्या सांकेतिक शब्दाच्या जोरावर चोर आत शिरलेला असतो. हा मनुष्य अपराधी नव्हे, पण निष्काळजी म्हणता येईल. चौथ्या प्रकारात पत्र भलत्याच नावाने आलेले असते. त्यातील मजकुरात मात्र व्यापाऱ्याच्या स्थळाचा दुवा दिलेला असतो. तो दुवा त्याने नेमलेल्या जाहिरातदाराने घातलेला असेल, किंवा प्रतिस्पर्ध्याने त्याला अडकविण्यासाठीही घातलेला असेल. अखेरची शक्यता सर्वांत साधी आहे. ज्या ग्राहकाने एकेकाळी आपण होऊन किंमतपत्रक मागविले होते, त्याला आता त्याचा कंटाळा आला आणि नकार कळविण्याऐवजी त्याने स्पॅमची कळ दाबली.

या पाचही प्रकारांत तक्रारदार खोटे बोलत नसतो. त्याला नको असलेले पत्र खरोखरच आलेले असते. त्याला ठाऊक नसते ते पत्राचा कर्ता कोण हे. आणि नाव चालू ठेवावे की बंद करावे याचा निर्णय नेमका त्याच गोष्टीवर अवलंबून असतो.

रजिस्ट्रारच्या हातातील एकच कळ

संकेतस्थळाची पाने ज्या यंत्रावर ठेवलेली असतात त्याचा चालक एखादे सदोष पान तेवढे काढू शकतो. ईमेलची सेवा देणारी कंपनी एकच खाते बंद करू शकते. रजिस्ट्रारजवळ असे बारीक हत्यार नसते. त्याच्या हाती फक्त नावाची नोंद आहे. तिच्यावर त्याने स्थगितीची खूण केली, म्हणजे रजिस्ट्री ते नाव आपल्या यादीतून तात्पुरते काढून घेते, आणि नावावरून अंक शोधू पाहणाऱ्या संगणकांना उत्तर मिळेनासे होते. परिणामी त्या नावाचे सर्व काही एकदम अदृश्य होते: दुकान, हिशेब, आणि त्या नावाखाली चालणारी प्रत्येक ईमेल पेटी. स्थगितीचे कारण विचारणारे मालकाचे पत्रही त्या पेटीतून निघू शकत नाही, आणि रजिस्ट्रारने पाठविलेली सूचनाही तिच्यात पोहोचत नाही.

या एका कळीचा परिणाम केवढा होतो हे २४ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीयांनी अनुभवले. चेन्नईची झोहो ही कंपनी लक्षावधी लोकांना ईमेल व कचेरीच्या कामाची साधने पुरविते. तिचे झोहो डॉट कॉम हे नाव टिएरानेट या अमेरिकी रजिस्ट्रारकडे नोंदलेले होते. झोहोच्या खात्यांतून लोकांना फसविणारी पत्रे जात असल्याच्या तक्रारी आल्याचे कारण देऊन रजिस्ट्रारने ते नावच स्थगित केले. झोहोच्या म्हणण्याप्रमाणे मागील दोन महिन्यांत अशा फक्त तीन तक्रारी आल्या होत्या. त्यांपैकी दोन प्रकरणांतील खाती तत्काळ काढली होती व तिसऱ्याची चौकशी चालू होती. कंपनीचे प्रमुख श्रीधर वेंबू यांना साहाय्यासाठी समाजमाध्यमावर जाहीर विनंती करावी लागली. काही तासांत नाव पुन्हा चालू झाले. परंतु जगभरच्या यंत्रांत जुने उत्तर काही काळ साठून राहत असल्यामुळे अनेकांची अडचण त्यानंतरही टिकली. पुढे झोहोने आपले नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेले.

या प्रकरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फुकट मिळणाऱ्या ईमेल खात्यांचा ठकांकडून दुरुपयोग होतो ही गोष्ट खरी आहे, आणि झोहोची खातीही त्यास अपवाद नव्हती. तक्रारी निराधार होत्या असे कोणी म्हणत नाही. प्रश्न प्रमाणाचा होता. एका इमारतीतील दोन-तीन खोल्यांत चोर राहतात म्हणून संपूर्ण नगराचा पाणीपुरवठा तोडावा काय?

प्रमाणाचा हाच मुद्दा त्यापूर्वी १२ वर्षे एका अमेरिकी न्यायालयापुढे उलट्या रूपात आला होता. लंडन येथे १९९८ साली सुरू झालेली स्पॅमहाउस ही संस्था स्पॅम पाठविणाऱ्यांच्या याद्या ठेवते. ई-३६० या अमेरिकी कंपनीने आपले नाव यादीत घातल्याबद्दल तिच्यावर दावा लावला. स्पॅमहाउस न्यायालयात हजर राहिली नाही, म्हणून २००६ साली तिच्याविरुद्ध १ कोटी १७ लक्ष डॉलरांचा एकतर्फी निकाल झाला. तो जुमानला जात नाही असे पाहून कंपनीने मागणी केली, की स्पॅमहाउसचे डोमेन नावच स्थगित करावे. न्यायाधीशांनी ती नाकारली; नाव बंद केल्यास त्या संस्थेची सर्व कायदेशीर कामेही बंद पडतील, व हा उपाय अपराधाच्या मानाने फार व्यापक होईल, असे त्यांनी म्हटले. भरपाईची रक्कमही अपिलात उतरत जाऊन २०११ साली अवघ्या ३ डॉलरांवर आली.

करार आणि कायदा

डॉट कॉमसारख्या जागतिक शाखांच्या रजिस्ट्रारांना मान्यता देणारी आयकॅन ही संस्था अमेरिकेत १९९८ साली स्थापन झाली. तिने रजिस्ट्रारांशी केलेल्या २०१३ च्या करारानुसार, दुरुपयोगाच्या तक्रारी स्वीकारण्यासाठी प्रत्येकाने पत्ता जाहीर करणे आणि वाजवी त्वरेने चौकशी करून योग्य ते उत्तर देणे बंधनकारक झाले. ५ एप्रिल २०२४ पासून हा करार अधिक कडक झाला. संगणकात घातक आज्ञावली पसरविणे, ताब्यात घेतलेल्या संगणकांची फौज चालविणे, खोट्या पत्रांनी गुपिते काढून घेणे आणि लोकांना नकळत बनावट स्थळाकडे वळविणे, या चार प्रकारांचा सबळ पुरावा मिळाल्यास रजिस्ट्रारने तत्परतेने ते रोखले पाहिजेत असे ठरले. स्पॅमचा समावेश त्यात एका अटीवर आहे: तो या चारांपैकी एखाद्याचे वाहन झालेला असला पाहिजे. नुसती कंटाळवाणी जाहिरात त्या व्याख्येत बसत नाही. शिवाय उपाय योजताना हानीचे कारण, तिची तीव्रता आणि निरपराधांना बसणारी झळ यांचा विचार करावा, असेही करारात म्हटले आहे. डॉट इनला मात्र हा करार लागू नाही. तेथे निक्सीचे स्वतःचे नियम चालतात.

डोमेन नावांच्या वादांसाठी लवादाची सोय १९९९ पासून जगभर व पुढे डॉट इनसाठीही झाली. परंतु हे लवाद दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाशी मिळतेजुळते नाव बळकावल्याच्या तक्रारीपुरते आहेत. स्पॅमच्या आरोपावरून नाव बंद झालेल्या माणसाला तेथे दाद मिळत नाही.

भारतात केवळ ईमेलवरील स्पॅमसाठी केलेला स्वतंत्र कायदा नाही. दूरध्वनी व लघुसंदेश यांवरील अनाहूत जाहिरातींसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम आहेत. ईमेल त्यांच्या कक्षेत येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ मध्ये, त्रास देण्यासाठी किंवा पत्राच्या उगमाविषयी दिशाभूल करण्यासाठी पाठविलेल्या ईमेलचा उल्लेख होता. परंतु त्या कलमाची भाषा इतकी मोघम होती, की २०१२ साली पालघर येथील दोन तरुणींना समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून अटक झाली. त्यानंतर दिल्लीतील कायद्याच्या एका विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात संपूर्ण कलम ६६-अ रद्द झाले. त्याबरोबर पत्राचा खोटा उगम दाखविण्याविषयीची तरतूदही गेली.

त्याच निकालात मध्यस्थांविषयी एक महत्त्वाचे तत्त्व सांगितले आहे. दुसऱ्याचा मजकूर वाहून नेणाऱ्या मध्यस्थाने तो काढून टाकण्याचे बंधन केव्हा मानावे? न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना मिळाल्यावर, असे उत्तर न्यायालयाने दिले. प्रत्येक तक्रारीचा खरेखोटेपणा मध्यस्थाने स्वतः ठरवीत बसावे अशी कायद्याची अपेक्षा नाही. मात्र याचा अर्थ असा नव्हे, की रजिस्ट्रार आपल्या कराराच्या बळावर नाव स्थगित करूच शकत नाही. कायदा त्याला भाग पाडीत नाही आणि करार त्याला मोकळीक देतो. या दोहोंमधील जागेत बहुतेक वाद घडतात.

दिल्ली न्यायालयापुढील प्रश्न

रजिस्ट्रारचे कर्तव्य कोठवर, हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापुढे अनेकदा आला आहे. तेथील खटले प्रामुख्याने व्यापारचिन्हांचे आहेत, स्पॅमचे नव्हेत. तथापि त्यांतील विचार दोहोंस लागू पडतो. गाझियाबाद येथे मुख्य कचेरी असलेल्या डाबर कंपनीच्या नावासारखी नावे घेऊन ठकांनी बनावट स्थळे उभारली व वितरक नेमण्याच्या मिषाने लोकांकडून पैसे उकळले. आरोपी अज्ञात असल्यामुळे दावा अशोक कुमार या नावाविरुद्ध गुदरण्यात आला; अनोळखी प्रतिवादीसाठी भारतीय न्यायालयांत हे कल्पित नाव रूढ आहे. या प्रकरणात २०२२ साली न्यायालयाला दिसून आले, की नाव घेणाऱ्यांची ओळख रजिस्ट्रारच्या गोपनीयता सेवेआड दडलेली असते आणि त्यामुळे फसलेल्या माणसाला दाद कोणाविरुद्ध मागावी हेच कळत नाही.

त्याच वर्षी १८ एप्रिल रोजी स्नॅपडील या गुरुग्रामच्या कंपनीने गोडॅडी व इतर रजिस्ट्रारांविरुद्ध केलेल्या मागणीवर निर्णय झाला. स्नॅपडील हा शब्द असलेले कोणतेही नाव यापुढे कोणासही देऊ नये, अशी तिची इच्छा होती. न्यायालयाने असा सरसकट आदेश दिला नाही. कोणते नाव उल्लंघन करते हे प्रत्येक प्रकरणी पाहिले पाहिजे असे सांगितले. परंतु जो रजिस्ट्रार मिळतीजुळती नावे सुचवून व विकून नफा कमावतो, त्याला आपण केवळ निष्क्रिय मध्यस्थ आहोत असे म्हणता येणार नाही, हेही बजावले. दोन्ही भाग एकत्र वाचले म्हणजे तत्त्व हाती येते: नफ्याबरोबर जबाबदारी येते, आणि ती जबाबदारी प्रत्येक नावाचा पुरावा पाहून पार पाडावयाची असते.

रजिस्ट्रारने उत्तरच न दिल्यास काय होते, याचे उदाहरणही याच परिसरातले आहे. दिल्ली-नोएडा येथील नेट फोर इंडिया या जुन्या रजिस्ट्रारवर २०१९ साली दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. पुढील काळात हजारो ग्राहकांना आपल्या नावांचे नूतनीकरण करता येईना, ती दुसरीकडे नेता येईनात. अखेर २०२१ साली आयकॅनने तिची मान्यता काढून घेतली व जागतिक शाखांतील नावे पीडीआर या दुसऱ्या रजिस्ट्रारकडे सोपविली. यात स्पॅमचा संबंध नव्हता. परंतु नावाची किल्ली दुसऱ्याच्या हाती असते म्हणजे काय, हे त्या ग्राहकांना पुरते उमगले.

शिक्का आणि मोहोर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पत्र खरोखर कोणाचे, हे कसे ओळखावे? प्रत्येक ईमेलसोबत, सामान्यतः न दिसणारा, एक शीर्षभाग असतो. वाटेतील प्रत्येक यंत्र त्यात आपली ओळ वरच्या बाजूस जोडते. या ओळी म्हणजेच टपालाचे शिक्के. खालच्या ओळी ठक स्वतः रचू शकतो. परंतु पत्र स्वीकारणाऱ्याच्या स्वतःच्या यंत्राने उमटविलेली ओळ त्याला बदलता येत नाही, आणि तीत पत्र ज्या यंत्राकडून आले त्याचा अंकमय पत्ता असतो. म्हणून तक्रारीसोबत संपूर्ण शीर्षभाग असणे अत्यावश्यक आहे. नुसत्या मजकुराचे चित्र जोडलेली तक्रार म्हणजे शिक्का फाडून टाकलेले पाकीट होय.

यापुढची साधने खुद्द नावाच्या नोंदीचा आधार घेतात. पहिल्या साधनाला एसपीएफ म्हणतात. मालक आपल्या नावाच्या नोंदीत जाहीर करतो, की माझ्या नावाचे टपाल केवळ अमुक यंत्रांतूनच निघते. स्वीकारणारे यंत्र ही यादी पाहून पत्र खरे की उपरे ते ताडते. दुसरे साधन डीकेआयएम. जुन्या काळी खलित्यावर लाख ओतून मोहोर उठवीत. तशी येथे गणिती मोहोर उठविली जाते. मोहोर उठविण्याची गुप्त किल्ली मालकाजवळ राहते व तपासण्याची किल्ली नावाच्या नोंदीत सर्वांसाठी ठेवलेली असते. मजकुराचे एक अक्षर जरी बदलले तरी मोहोर जुळत नाही. तिसरे साधन डीमार्क. पत्रावर दिसणारे नाव वरील तपासणीशी जुळत नसेल तर पत्राचे काय करावे, ते स्वीकारावे, बाजूस ठेवावे की परतवावे, याची मालकाची सूचना त्यात असते. शिवाय आपल्या नावाने कोणकोणत्या यंत्रांनी टपाल धाडले याचे अहवालही मालकाकडे येतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांना ही तिन्ही साधने आवश्यक केली आहेत.

या साधनांनाही मर्यादा आहेत. पत्र एका पेटीतून दुसरीकडे आपोआप पुढे पाठविले गेले, तर खरे पत्रही एसपीएफच्या कसोटीस उतरत नाही. आणि चोर मालकाच्या खात्यातच शिरला असेल, तर मोहोर खरी उठते व पत्र मात्र चोराचे असते. म्हणून मोहोर जुळली नाही तर मालकाच्या बाजूने सबळ पुरावा मिळतो. जुळली तर त्याने आपले घर तपासावे एवढाच निष्कर्ष निघतो.

तक्रार आली असता

वर कल्पिलेल्या नोएडाच्या व्यापाऱ्याने काय करावे? पहिली सावधगिरी तक्रारीच्या आधीची आहे. रजिस्ट्रारकडे दिलेला संपर्काचा पत्ता त्याच डोमेन नावाखालील नसावा. अन्यथा नाव बंद होताच संपर्कही तुटतो. आपल्या यंत्रांच्या नोंदी जपून ठेवाव्यात. भारतीय संगणक आपत्काल प्रतिसाद पथकाने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निदेशांत या नोंदी १८० दिवस राखण्यास सांगितले आहे.

तक्रार कळताच तिची संपूर्ण प्रत व पत्राचा शीर्षभाग रजिस्ट्रारकडे मागावा. त्यातील अंकमय पत्ता आपल्या यंत्राचा नसेल, तर ती गोष्ट एसपीएफची नोंद व डीमार्कचे अहवाल यांसह लेखी मांडावी. पत्ता आपल्याच यंत्राचा असेल, तर रागाचे उत्तर लिहीत बसण्यापेक्षा शिरकावाची जागा शोधून बुजवावी, सांकेतिक शब्द बदलावेत व काय दुरुस्ती केली ते तारीखवार कळवावे. पत्रे आपणच धाडली असतील, तर विकत घेतलेली यादी टाकून द्यावी; तिच्यासाठी कोणताही बचाव नाही. रजिस्ट्रार उत्तर देत नसेल तर जागतिक शाखांबाबत आयकॅनकडे आणि डॉट इनबाबत निक्सीकडे गाऱ्हाणे नेता येते. न्यायालयाचा मार्ग शेवटचा. तो धरण्यापूर्वी करारात कोणत्या ठिकाणचे न्यायालय नमूद केले आहे ते पाहावे, कारण परदेशी कंपन्यांच्या करारांत ते बहुधा परदेशी असते.

तक्रार करणाऱ्यावरही काही भार आहे. ज्याला बनावट बँकेचे पत्र आले त्याने ते तत्काळ कळविलेच पाहिजे, कारण अशा स्थळाचे आयुष्य काही तासांचे असते आणि विलंबाने दुसऱ्याचा खिसा रिकामा होतो. पण कळविताना संपूर्ण शीर्षभाग जोडावा, आणि दोषी पान वा खाते वेगळे काढता येत असेल तर प्रथम ते चालविणाऱ्याकडे जावे. रजिस्ट्रारनेही फसवणुकीसाठीच घेतलेले नाव आणि चोर शिरलेले प्रामाणिक नाव यांत भेद केला पाहिजे. पहिले ताबडतोब बंद करणे इष्ट. दुसऱ्याच्या मालकाला आधी सूचना व दुरुस्तीसाठी थोडी मुदत देणे न्यायाचे होय.

ज्या वहीत दुकानाचे नाव लिहिलेले असते, त्याच वहीत आज त्या दुकानाच्या टपालाची खरी मोहोर कोणती हेही लिहून ठेवता येते. ती नोंद करण्यास वेगळे शुल्क पडत नाही. पाकिटाच्या मागील नाव वाचून दोष ठरविण्याचे दिवस त्यामुळे सरावयास हवेत. परंतु त्यासाठी मालकाने मोहोर उठविली पाहिजे आणि नाव बंद करण्याच्या कळीवर ज्याचा हात आहे त्याने ती पाहिली पाहिजे.